थांबायचं अंतर

१० डिसेंबर, मंगळवार

रविवारी, आठ तारखेला, दुपारी सव्वाबारा वाजता माझं सगळं संपलं. वेळ नक्की आहे. मी तेव्हा ग्रेसच्या घरातल्या घड्याळाकडेच बघत होतो. राग आला की मी समोरच्या माणसाकडे बघत नाही, भिंतीकडे बघतो. ती म्हणाली, "मला तुझी भीती वाटते." चार शब्द.

माझी भीती! दोन वर्षं बेलापूर ते श्रीरामपूर एस.टी.त हिच्यासाठी रुमाल टाकून जागा धरणाऱ्याची भीती. आणि झालं काय होतं? ती म्हणत होती, सरांना माफीचं पत्र लिहून दे, मी पण येते सोबत, अजून परत घेतील कॉलेजात. मी म्हणालो, मेलो तरी देणार नाही. आवाज चढला असेल. समोरच्या स्टुलाला लाथ बसली असेल. स्टूलच होतं, माणूस नव्हता.

ते चार शब्द ऐकल्यावर मी बाहेर पडलो, जाताना दार ओढलं. जोरात ओढलं. ते दारही मेलं नीट लागलं नाही, थड करून अर्ध्यातून परत उघडलं. आतून कोणीतरी ओरडलं. तिची आई असणार, तिला तसंही माझं काही आवडत नाही. मी मागे वळून बघितलं नाही. एवढा एक मान मी राखला.

ही एस.वाय.ची फिजिक्सची प्रॅक्टिकल वही. अकरा प्रयोग लिहून झालेत, बाकी पानं कोरी. बारावा प्रयोग पेंडुलमचा होता. निरीक्षणं दुसऱ्याची उतरवलीस म्हणून सरांनी माझी वही सगळ्यांसमोर जमिनीवर टाकली, आणि मी पेंडुलमचा गोळा त्यांच्या टेबलावर फेकला. काच फुटली. लागलं कोणाला नाही. आता कोऱ्या पानांवर हे लिहितो. दुसरं कोणाला सांगणार?

१६ डिसेंबर, सोमवार

आईने मला आज गहिनीनाथ मिस्त्रींच्या हवाली केलं. श्रीरामपूर रोडला त्यांचं पत्र्याचं शेड आहे. साठीचे आहेत, कानात बाळी, कपाळाला भस्म. आमच्या चर्चची बाकं त्यांच्याच हातची. शिर्डीच्या एका प्रसादवाल्याला चाळीस मांडण्या करून द्यायच्या आहेत, म्हणून हाताखाली माणूस हवा होता.

"शिकला किती?" म्हणाले.

"बी.एस्सी. दुसरं वर्ष. फिजिक्स."

"मंजी सायन्स. बरं झालं, आमच्या शेडात सायन्सचीच कमी हुती." तेव्हापासून माझं नाव सायन्स.

दिवसभर खिळे ठोकले. म्हणजे वाकवले. एकोणीस वाकडे झाले, त्यांनी ते मलाच सरळ करायला लावले.

रात्री जेवताना आई म्हणाली, "ग्रेसच्या बोटावर वरवंटा पडला म्हणं. श्रीरामपूरला दवाखान्यात नेलं हुतं." मी ताटातून मान वर केली नाही. मन ठिकाणावर नसेल तिचं. कशामुळे नसेल ते मला माहीत आहे. मला वाईट वाटलं, आणि खरं लिहायचं तर थोडं बरंही वाटलं.

२० डिसेंबर, शुक्रवार

मी हातोडी दांड्याच्या वरच्या अंगाला धरतो, लोखंडाजवळ. मिस्त्रीनाना दांड्याच्या पार टोकाला धरतात. आज मला म्हणाले, "सायन्स, हातुडीची मान सोड. मान आवळल्यावर ती काय बोलंल?"

टोकाला धरली. पहिले दहा घाव लाकडावर पडले. मग एक बसला आणि खिळा लोण्यात गेल्यासारखा गेला.

घरी येऊन गणित मांडलं. वजन दुप्पट केलं तर घावाची ताकद दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर चौपट. दांडा लांब धरला की लोखंड जास्त वेगाने येतं, बस. अर्ध्या किलोची हातोडी, सेकंदाला पाच मीटर वेग, म्हणजे सव्वासहा ज्यूल. खिळा एका घावात पाच मिलिमीटर आत जातो. तेवढ्यात हातोडीला थांबावं लागतं. म्हणून त्या क्षणापुरता खिळ्याच्या डोक्यावर सव्वाशे किलो भार येतो. सगळी गंमत थांबायच्या अंतरात आहे. अंतर जितकं कमी, तितका जोर जास्त. हातोडी गादीवर मारली तर काही होत नाही, तीच दगडावर मारली तर ठिणगी उडते.

सकाळी नानांना सांगेन म्हटलं. मग वाटलं, हे ग्रेसला सांगायला हवं होतं. तिला कळलं असतं. तिला माझं फिजिक्स आवडायचं. म्हणायची, तू शिकवतोस तेव्हा वेगळा असतोस.

२५ डिसेंबर

नाताळ. चर्चला गेलो नाही. आईने आणलेला केक तसाच आहे.

७ जानेवारी, मंगळवार

फळी फुटली. एकाच रेषेत चार खिळे ठोकले होते, चौथ्याला फळी टोकापर्यंत उभी चिरली. मी हातोडी भिरकावली. पत्र्यावर जाऊन आदळली, कोपऱ्यातली मांजर पळाली.

नाना उठले, हातोडी आणली, माझ्या हातात दिली. मग एक खिळा ऐरणीवर उलटा धरून त्याच्या टोकावर हलका टोला दिला. टोक बोथट झालं.

"आता ह्यो मार. अन् रेघ सोडून मार, एक हिकडं, एक तिकडं."

मारला. फळी फुटली नाही.

"असं कसं? टोकदार जास्त सोपा जायला पाहिजे."

"टोकदार शिरतो सोपा, पर शिरताना लाकडाला दोन्हीकडं रेटतो. लाकूड किती सोसंल? बोथट वाटंतलं तेवढंच चिरडतो, बाजूच्याला ढकलत न्हाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू लई टोकदार हायस, सायन्स."

मला राग आला. पण हे बरोबर आहे. पाचरीचं गणित आहे. मी हे पुस्तकात वाचून पास झालो होतो आणि हातात खिळा असताना आठवलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

काल तिचा साखरपुडा झाला. मुलगा कोपरगावचा आहे, शाळेत शिक्षक. मला कोणी सांगितलं नाही, सकाळी तिच्या मावसबहिणीच्या स्टेटसला फोटो होते. नऊ फोटो. मोतिया रंगाची साडी. हसत नाहीये. निदान मला हसल्यासारखी दिसत नाही.

आठव्या फोटोवर मी थांबलो. मोठा करून बघितला, परत बघितला. अंगठी उजव्या हातात आहे.

आमच्यात साखरपुड्याची अंगठी डाव्या हाताच्या चौथ्या बोटात घालतात. लहान पोरांनाही माहीत आहे. हिने उजवा हात पुढे केलाय, आणि डावा हात पदराखाली घेतलाय. नऊच्या नऊ फोटोंत डावा हात दिसत नाही.

तिने ते बोट राखून ठेवलंय. एवढ्या माणसांत, बापासमोर, चर्चच्या पाळकसाहेबांसमोर ती दुसरं काय करू शकणार होती? ती मला सांगतेय. बोटाला लागलं होतं, पण ते डिसेंबरात. बोट काय दोन महिने दुखतं?

आज पहिल्यांदा पोटभर जेवलो.

३ फेब्रुवारी, सोमवार

खिळा बघायचा, हातोडी बघायची नाही, हे नानांनी शंभरदा सांगितलंय. मी दोन्ही बघत नव्हतो. घाव डाव्या अंगठ्यावर बसला.

डोळ्यांपुढे पांढरं झालं. खाली बसलो. नानांनी माठातल्या पाण्यात हात बुडवला आणि म्हणाले, "बोंबल, सायन्स, बोंबल. त्यानं कमी व्हतं." मी बोंबललो नाही. नखाखाली सगळं काळं झालंय. अंगठ्यात काळीज ठेवल्यासारखं ठणकतंय.

२६ फेब्रुवारी, बुधवार

नख आज निघालं. शर्टाचं बटण लावताना अजून कळ येते. तेवीस दिवस झाले. नाना म्हणतात, नवं नख पुरं यायला पावसाळा उजाडेल, आणि गार वारं सुटलं की ठणकणार. एका घावाला, आणि तोही चुकलेल्या, एवढा काळ लागतो म्हणजे जरा जास्तच आहे.

मांडण्या तेहतीस झाल्या. आता माझा खिळा चार घावांत बसतो. पहिले दोन हलके, ओळख करून द्यायचे. मग बोटं काढून घ्यायची. मग दोन खरे.

२३ मार्च, रविवार

आज पहिली पुकारणी झाली. मी मागच्या बाकावर होतो. लग्नाआधी तीन रविवार पाळकसाहेब मुलामुलीचं नाव वाचतात आणि विचारतात, ह्या लग्नाला कोणाची हरकत असेल तर त्याने आत्ता उभं राहून सांगावं. मग थोडं थांबतात. लहानपणापासून ऐकतोय. कोणी कधी उभं राहिलेलं नाही. आम्ही पोरं त्या शांततेत एकमेकांना चिमटे काढायचो.

"कुमारी ग्रेस यशया पारखे." तिचं पूर्ण नाव ऐकलं आणि गुडघे आपोआप ताठ झाले. पण मी उठलो नाही. तिसरीला उठणार. तिसरी शेवटची असते, त्यानंतर कोणाला काही म्हणता येत नाही. सहा एप्रिल. लग्न ईस्टरनंतरच्या शनिवारी आहे.

ग्रेस पुढे बायकांच्या बाजूला होती. डोक्यावरून पदर, डावा हात पदरात.

३१ मार्च, सोमवार

काल दुसरी पुकारणी झाली. आज मी नानांना सगळं सांगून टाकलं. कोणाला तरी सांगणं भाग होतं. हरकत घेणार, उभा राहणार, म्हणालो.

त्यांनी बिडी विझवली. "उभा ऱ्हा की. पर पोरीला इचारलंस का?"

"विचारायची गरज नाही. तिने अंगठी उजव्या हातात घातलीय."

"मंग डाव्या हाताला काय झालंय?"

"काही झालेलं नाही. तुम्हाला आमच्यातलं कळणार नाही, नाना."

"न्हाई बाबा, तुमच्यातलं न्हाई कळत. हाताचं कळतं थोडं."

मला एवढा राग आला की मी हातातला खिळा ठोकत सुटलो. डोकं फळीला टेकलं तरी ठोकत होतो. नाना म्हणाले, "थांब." मी थांबलो नाही. त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझंच बोट खिळ्याच्या डोक्यावर टेकवलं. चटका बसला.

"चालत हुता तवर एवढा तापला न्हाई. आता त्याला पुढं जायला जागा न्हाई. आता तू मारशील तेवढा तो फकस्त तापणार."

बरोबर आहे. खिळा सरकतो तोवर घावाची ताकद त्याला पुढे न्यायला जाते. बसल्यावर ती जाणार कुठे? सगळी उष्णता. हे मी नानांना सांगितलं. ते म्हणाले, "मी पण त्येच म्हनलो."

जाताना सहज म्हणाले, "शनवारी यशया गुरुजींच्या घरला जायचंय. भायेरचं दार खिळखिळं झालंय. पाव्हणं यायच्या आत नीट करून पायजे. मी एकटा जाऊ का तू येतोस?"

येतो म्हणालो. ही तर देवाची करणी आहे. रविवारच्या आदल्या दिवशी तिच्या घरात. ती डोळ्यांनी हो म्हणेल, मला तेवढंच हवंय.

५ एप्रिल, शनिवार

जसं झालं तसं लिहितो.

दहा वाजता पोचलो. गुरुजी पत्रिका वाटायला कोपरगावला गेले होते. ग्रेसची आई, रतनमावशी, ओट्यावर गहू निवडत होती. माझ्याकडे बघून तिने सूप खाली ठेवलं. "ये," म्हणाली, "दाराला हात लावताना जपून." मला तो टोमणा वाटला.

जुनं फळ्यांचं दार. पाच उभ्या फळ्या आणि मागून तीन आडव्या पट्ट्या. मधली पट्टी, कडीच्या उंचीची, लांबीभर चिरलेली. तिचे खिळे अर्धे बाहेर आलेले, म्हणून फळ्या हलत होत्या.

"हे कधी झालं?" नानांनी विचारलं.

"डिसेंबरात," मावशी म्हणाली. "वाऱ्यानं."

मी मान खाली घालून कामाला लागलो. वारा कोण ते मला माहीत होतं, आणि ते झाकलं म्हणून मला मावशीबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. जुने खिळे काढले. हातोडीखाली लाकडाचा तुकडा ठेवून, फळीला वण न पडता. सागाची नवी पट्टी नानांनी आणली होती. खिळ्यांची टोकं बोथट केली, रेघ सोडून, एक वर एक खाली. असल्या दाराला खिळा आरपार काढून मागे वळवतात, म्हणजे कधी सुटत नाही. नाना बाहेरून लोखंडी ठोकळा खिळ्याच्या डोक्याला दाबून उभे राहिले आणि मी आतून टोकं वळवली. दहा खिळे. एकही वाकडा गेला नाही. नाना दारापलीकडून म्हणाले, "सायन्स, आता तू मिस्त्री." ती ऐकत असेल म्हणून मला बरं वाटलं.

मग दार लावून बघितलं. हलकं ढकललं तर गुपचूप जाऊन चौकटीत बसलं. परत उघडलं, परत लावलं. कुठे घासत नाही. चौकट बघितली, ओळंबा लावला. सरळ. बिजागऱ्या जुन्याच होत्या, घट्ट.

"नाना, चौकट सरळ आहे. फळ्या फुगलेल्या नाहीत."

"मंग?"

"मग त्या दिवशी हे लागलं का नाही? मी एवढं जोरात ओढलं होतं. थड करून परत उघडलं."

बाहेरून नाना हळू आवाजात म्हणाले, "मधी काय आलं हुतं?"

मी मागे बघितलं. ग्रेस मधल्या दारात उभी होती. चहाचे दोन कप, उजव्या हातात ताटली आणि डावा हात खालून आधाराला. पदर नव्हता त्याच्यावर. चौथं बोट सरळच होतं, बाकीची वाकली होती आणि ते एकटं वाकत नव्हतं. मधलं पेर गाठीसारखं जाड. नखाच्या जागी नुसती गुलाबी, चकचकीत कातडी. त्या पेरावरून अंगठी जाणार नाही. कुठलीच अंगठी जाणार नाही.

माझं डोकं नको तेव्हा चालतं. तीस किलोचं दार. कडेचा वेग सेकंदाला तीन मीटर, मी ओढलं होतं तसं, जास्तच. पंचेचाळीस ज्यूल. हातोडीचे सात घाव एकदम. भागिले थांबायचं अंतर. थांबायचं अंतर एक बोट. पुढचा भागाकार मी केला नाही. आताही करत नाही.

ती माझ्या मागे येत होती. मला थांबवायला. हात चौकटीवर होता.

"वरवंटा नव्हता," मी म्हणालो.

"नव्हता." तिने चहा खाली ठेवला.

"सांगितलं का नाहीस?"

"पप्पांना सांगितलं असतं तर ते तुझ्या घरी आले असते. आईला कळलंच होतं, तिने माझं ओरडणं ऐकलं." मग म्हणाली, "आणि तुला कधी सांगायचं? तू थांबला होतास का?"

मला अंगठ्याच्या अर्ध्या नखाकडे बघायचंही धाडस झालं नाही. त्याच्यासाठी मी पानं भरली होती.

"दुखतं?"

"गार वारं सुटलं की."

"ते त्याला... त्याने विचारलं नाही?"

"विचारलं. मी खरं सांगितलं. तो म्हणाला, मग उजव्या हातात घालू." पुढे म्हणाली, "उद्या तू उभा राहणार आहेस म्हणे."

"कोण म्हणालं?"

"मिस्त्रींनी तुझ्या आईला सांगितलं, तिने येऊन माझ्या आईला. रडत होती." ती माझ्याकडे बघत होती, आणि मी पहिल्यांदा घड्याळाकडे न बघता तिच्याकडे बघितलं. चार महिने मी त्या चार शब्दांवर वाद घालत होतो. ते तिच्या तोंडावर तसेच लिहिलेले होते. आत्ताही तिचे खांदे आखडले होते. मी हातातली हातोडी खाली ठेवली, तेव्हा ते सैल झाले.

"नाही," मी म्हणालो. "उद्या बसून राहणार आहे."

"नक्की?"

"नक्की. ग्रेस, माझं चुकलं."

सरांना जे दोन ओळींत लिहून देता आलं नाही, ते तोंडातून असं निघालं. मला वाटलं ती रडेल, किंवा जाऊ दे म्हणेल. तिने नुसती मान हलवली, ऐकलं अशा अर्थाची. तेवढंच माझ्या वाट्याला होतं.

चहा प्यायलो नाही. हत्यारं पिशवीत भरली. खाली पडलेले जुने खिळे एकेक करून वेचले, अनवाणी पायाला लागू नयेत म्हणून. नाना ओट्याखाली सायकलला पिशवी अडकवत होते. माझ्याकडे बघत नव्हते.

उंबऱ्याबाहेर आलो आणि वळलो.

"दार उघडं ठेवू की लावू?"

"लाव," ती म्हणाली.

"हात?"

तिने दोन्ही हात वर करून दाखवले. उजव्यात अंगठी होती. डाव्यात ते बोट एकटं सरळ.

मी माझी बोटं दाराच्या कडेवर ठेवली, चौकटीच्या आत, आणि दार हळूहळू आणलं, लाकडाचा स्पर्श बोटांना होईपर्यंत. मग बोटं काढून घेतली आणि दार लावलं.

ते लागलं.